गाठ सापडली, पुढे काय?

१. साधा प्रश्न, अनेक उत्तरे

चाळिशी ओलांडलेल्या बाईला किंवा तिच्या घरच्यांना कधी ना कधी हा प्रश्न पडतो: काही त्रास नसताना स्तनांची तपासणी करून घ्यावी का, आणि घ्यायची तर कुठली, कोणत्या वयापासून, किती वर्षांनी? उत्तर कुणाला विचारतो त्यावर ठरते. अमेरिकेत प्रतिबंधक सेवांबाबत शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञगटाने २००९ मध्ये सांगितले की सर्वसाधारण धोका असलेल्या स्त्रियांनी पन्नाशीपासून चौऱ्याहत्तरपर्यंत दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करावी. २०२४ मध्ये त्याच गटाने सुरुवातीचे वय चाळीसवर आणले. त्याच देशातली अमेरिकन कॅन्सर सोसायटी २०१५ पासून सांगते की पंचेचाळीस ते चोपन्न या वयात दरवर्षी तपासणी करावी आणि पुढे दोन वर्षांनी केली तरी चालेल. ब्रिटनमध्ये पन्नाशीपासून एकाहत्तरीपर्यंत दर तीन वर्षांनी बोलावणे येते. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक आराखड्यात वय आहे तीस ते पासष्ट, अंतर आहे पाच वर्षांचे आणि तपासणीत यंत्रच नाही. प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याने हाताने चाचपून पाहायचे.

ही यादी वाचून कुणालाही वाटेल की तज्ज्ञांचेच एकमत नसेल तर सामान्य माणसाने काय ठरवावे. पण यातला मतभेद दिसतो तेवढा मोठा नाही. प्रत्येक देशाने आपल्या स्त्रियांचे वयोमान, आपल्याकडची यंत्रे आणि आपला खिसा पाहून एकाच पुराव्यातून वेगवेगळी वाट काढली आहे. मोठे अंतर आहे ते कागदावरची सूचना आणि जमिनीवरचा व्यवहार यांत, आणि भारतात ते दोन्ही दिशांना पसरले आहे. ज्यांच्यासाठी सूचना लिहिली त्या बहुसंख्य स्त्रियांपर्यंत तपासणी पोहोचत नाही आणि ज्यांना सूचना तपासणी सांगतच नाही अशा काही स्त्रियांची ती दरवर्षी होते. हे अंतर कशाने पडते आणि ते भरून काढायचे तर पहिला रुपया कुठे खर्च करावा, हा या प्रकरणाचा विषय आहे. यंत्रे कमी आहेत म्हणून हे झाले, असे सर्रास म्हटले जाते. खरी गळती तपासणीच्या नंतर होते, असे मी पुढे दाखवणार आहे.

२. तक्रार नसलेल्या बाईची तपासणी

गाठ लागली, बोंडातून रक्तमिश्रित स्राव आला, त्वचेला खळी पडली म्हणून बाई डॉक्टरांकडे जाते तेव्हा डॉक्टर निदान करत असतात. कसलीही तक्रार नसलेल्या हजारो स्त्रियांना एका ओळीने तपासणे हे काम वेगळे. परातीत तांदूळ पसरून निवडायला बसलो की हात आधी संशयास्पद दाणा बाजूला करतो. तो खडा आहे की नुसता काळसर तांदूळ, हे नंतर निरखून ठरते. सामूहिक तपासणीतही पहिली फेरी फक्त संशय बाजूला काढते. त्यात निवडल्या गेलेल्या बहुतेक स्त्रियांना कॅन्सर नसतो आणि निवडल्या न गेलेल्यांपैकी एखादीला तो असू शकतो. म्हणून पहिल्या फेरीनंतर दुसरी, म्हणजे सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि शेवटी तुकडा काढून केलेली बायॉप्सी, ठरलेल्या वेळात होणे ही पूर्वअट आहे. ती पाळता येत नसेल तर पहिली फेरी बाईच्या वाट्याला निव्वळ काळजी देते.

अशा तपासणीचा फायदा मोजताना एक फसगत नेहमी होते. समजा, दोन स्त्रियांचा आजार अगदी एकसारखा आहे आणि दोघींचा मृत्यू एकसष्टाव्या वर्षी होणार आहे. पहिलीचा आजार तपासणीत पंचावन्नाव्या वर्षी सापडला, दुसरीचा गाठ मोठी झाल्यावर अठ्ठावन्नाव्या वर्षी. निदानानंतर पाच वर्षे जगलेल्यांच्या यादीत पहिलीचे नाव येईल, दुसरीचे येणार नाही. आयुष्य मात्र दोघींनाही तेवढेच मिळाले. पहिलीला आजाराची माहिती तीन वर्षे आधी झाली, एवढाच फरक. म्हणून ‘लवकर सापडले’ किंवा ‘पाच वर्षे जगण्याचे प्रमाण वाढले’ एवढ्यावर तपासणीचे यश ठरवता येत नाही. तपासलेल्या गटात त्या आजाराने होणारे मृत्यू न तपासलेल्या गटापेक्षा कमी झाले का, हीच खरी कसोटी.

दुसरी गोष्ट पचायला अवघड आहे. काही कॅन्सर इतके संथ असतात की ते शोधले नसते तर त्या बाईला हयातभर त्रास झाला नसता. तपासणीत ते सापडतात, आणि एकदा सापडले की शस्त्रक्रिया, रेडिएशन, औषधे हे सगळे ओघाने येते. ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने याचा हिशेब मांडला. पन्नाशीच्या १०,००० स्त्रियांना वीस वर्षे मॅमोग्राफीला बोलावले तर ४३ मृत्यू टळतात आणि १२९ स्त्रियांवर अशा अनावश्यक निदानामुळे उपचार होतात. म्हणजे वाचलेल्या एका जिवामागे साधारण तिघींवर गरज नसलेले उपचार. समितीने तपासणी बंद करा असे म्हटले नाही. स्त्रियांना हे दोन्ही आकडे सांगून निर्णय त्यांच्यावर सोडा, असे म्हटले. जास्त वेळा आणि कमी वयापासून केलेली तपासणी म्हणजे जास्त सुरक्षितता, हे समीकरण इथेच डळमळते.

३. भारताने हाताची तपासणी का निवडली

श्रीमंत देश मॅमोग्राफी करतात आणि आपण हाताने चाचपतो, यात गरिबीची तडजोड आहे असे पहिल्यांदा वाटते. खर्चाचा भाग त्यात आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच म्हटले होते की आरोग्यव्यवस्था दुबळी असलेल्या देशांत मॅमोग्राफीचा सार्वत्रिक कार्यक्रम खर्चाच्या मानाने परवडत नाही. तिथे लक्षणे दिसताच लवकर निदान आणि उपचार यांवर भर द्यावा. पण दुसरे कारण शरीराचे आहे. तरुण वयात स्तनातील ऊती दाट असतात आणि मॅमोग्राफीच्या चित्रात दाट ऊती व गाठ दोन्ही पांढऱ्याच दिसतात. त्यामुळे कमी वयात हे यंत्र चुकते जास्त.

इथे एक समज तपासून घ्यायला हवा. भारतात स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा दहा वर्षे आधी होतो, असे आपण ऐकतो. रुग्णांचे सरासरी वय आपल्याकडे कमी आहे, हे खरे. पण सरासरी ठरते ती लोकसंख्येत कोणत्या वयाची माणसे किती आहेत यावरून. एका गावात चाळिशीतल्या ८०० बायका आणि साठीतल्या २००, असे धरू. साठीत आजाराचे प्रमाण चाळिशीच्या दुप्पट असले तरी चाळिशीत आठ रुग्ण आणि साठीत चार, असा हिशेब येईल आणि हा तरुण बायकांचा आजार आहे असे गाव म्हणेल. आपल्या देशात म्हाताऱ्यांपेक्षा तरुण जास्त आहेत, म्हणून रुग्णांतही तरुण जास्त दिसतात. एकेका बाईचा धोका मात्र वयाबरोबर वाढतच जातो. विशी-तिशीपासून सर्वांची मॅमोग्राफी करा, या मागणीचा पाया त्यामुळे कच्चा आहे.

हाताच्या तपासणीमागचा सर्वांत भक्कम पुरावा मुंबईचा आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईतल्या वीस वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित महिला आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, स्तनांची हाताने तपासणी केली आणि आजाराची माहिती दिली. उरलेल्या वस्त्यांत फक्त माहिती दिली. त्यानंतरही अनेक वर्षे दोन्ही गटांवर लक्ष ठेवले आणि वीस वर्षांचा निष्कर्ष २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणारे कॅन्सर ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. मृत्यू एकूणात १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण ही घट योगायोगाने आलेली नाही असे संख्याशास्त्राच्या निकषावर ठामपणे म्हणता आले नाही. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांचा वेगळा हिशेब केला तेव्हा मात्र लाखामागे वर्षाला सुमारे ३५ मृत्यूंच्या जागी सुमारे २५ मृत्यू झाले होते, म्हणजे जवळपास ३० टक्क्यांची घट. पन्नाशीच्या आत अशी घट आढळली नाही. वयाचा हा हिशेब निकाल हाती आल्यावर केलेला आहे, त्यामुळे तो जपून वापरायला हवा. तरी साध्या सेविकेच्या हाताने आजार लवकर सापडतो आणि पन्नाशीनंतर जीव वाचू शकतात, एवढे त्यातून निघते.

आता आराखडा आणि पुरावा शेजारी ठेवून पाहा. अभ्यासात तपासणी दर दोन वर्षांनी होती, आराखड्यात पाच वर्षांनी. अभ्यासात वय पस्तीसपासून होते आणि फायदा पन्नाशीनंतर दिसला. आराखडा तिशीपासून सुरू होतो. याचे एक कारण समजण्यासारखे आहे. आराखड्यात स्तन, गर्भाशयमुख आणि तोंड या तीन कॅन्सरांची तपासणी एकत्र बांधली आहे. बाई एकदा आली की तिन्ही व्हावे हा त्यामागचा व्यवहार. गर्भाशयमुखाची तपासणी तिशीत सुरू करणे योग्यच आहे. पण तिन्हींना एकाच दावणीला बांधताना स्तनाच्या तपासणीला सर्वांत जास्त लाभ देणारे वय गर्दीत हरवले. व्यवहार सूचनेपासून दूर जातो ते पुढे पाहूच, पण खुद्द सूचनाही तिच्या पुराव्यापासून एक पाऊल दूर उभी आहे.

४. उपकेंद्राच्या खोलीत

सूचनेनुसार काम कसे व्हायला हवे? आशा सेविका घरोघर जाऊन तिशीच्या पुढच्या माणसांचा सीबॅक, म्हणजे आजारांची जोखीम पाहणारा, फॉर्म भरते. त्यात तंबाखू, कमरेचा घेर, व्यायाम यांबरोबर बायकांसाठी स्तनांबाबत तीन प्रश्न असतात: स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येते का, आकारात फरक पडला आहे का. मग बाईने उपकेंद्रावर यायचे आणि तिथे एएनएम, म्हणजे उपकेंद्राची परिचारिका, किंवा समुदाय आरोग्य अधिकारी तिची तपासणी करणार. ही तपासणी नीट करायची तर बाईला आधी बसवून दोन्ही बाजू सारख्या दिसतात का ते पाहायचे, हात वर आणि कमरेवर ठेवायला लावून त्वचा कुठे ओढली जाते का ते बघायचे, मग आडवे झोपवून मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, आधी हलक्या, मग मध्यम, मग खोल दाबाने, गळ्याच्या हाडापासून खालपर्यंत पट्ट्यापट्ट्यांनी चाचपायचे आणि काख शेवटी तपासायची. याला काही मिनिटे लागतात, पडदा लागतो, टेबल लागते आणि बाईला लाज वाटणार नाही असे बोलणारे माणूस लागते. बाहेर लसीकरणाची रांग आणि आत रक्तदाबाच्या गोळ्यांचे वाटप चालू असताना या मिनिटांना सर्वांत आधी कात्री लागते.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले की कधी तरी स्तनाच्या कॅन्सरसाठी तपासणी झाली आहे का. ‘हो’ म्हणणाऱ्या एक टक्काही नव्हत्या. देशाचा आकडा ०.९ टक्के आला. सूचना येऊन तोवर तीन ते पाच वर्षे झाली होती. काही महिने कोविडचे होते, हे खरे; पण ‘कधी तरी’ या प्रश्नाला कोविड आड येत नाही. याच सर्वेक्षणात आणखी एक गोम आहे. ते पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांनाच प्रश्न विचारते. म्हणजे ज्या वयात तपासणीचा सर्वाधिक फायदा दिसला, त्या वयातल्या बायकांचे काय झाले हे देशातले एवढे मोठे घरोघरचे सर्वेक्षण विचारतच नाही.

सरकारी पोर्टलवरचे आकडे मात्र अलीकडे कोटींत जातात. दोन्ही आकडे एकदम खरे कसे असतील? मधल्या वर्षांत काम वाढले, हे एक उत्तर. दुसरे उत्तर ‘तपासणी’ कशाला म्हणायचे यात आहे. सीबॅक फॉर्मवरच्या तीन प्रश्नांना ‘नाही’ अशी खूण केली तर बाईला विचारले गेले, तपासले गेले नाही. तक्रार नसलेल्या बाईची गाठ शोधणे हाच या तपासणीचा हेतू आणि तक्रार नसलेली बाई प्रश्नाला ‘नाही’च म्हणणार. विचारणे आणि चाचपणे एकाच रकान्यात मोजले गेले तर कोटींचा आकडा खरा असूनही त्यातून कॅन्सर सापडणार नाहीत.

बरे, काम अशक्य आहे का? उपकेंद्राखाली साधारण ५,००० लोकसंख्या असते. त्यात ३० ते ६५ वयाच्या बायका सुमारे हजार. पाच वर्षांत सगळ्या तपासायच्या तर वर्षाला २००, आठवड्याला चार. हा बोजा जगावेगळा नाही. अडचण दुसरीकडे आहे. या वयात वर्षाला लाखामागे ५० स्त्रियांना हा आजार होतो असे धरले, तर त्या हजार जणींत दोन वर्षांतून एक कॅन्सर येईल. म्हणजे एखादी एएनएम वर्षभर प्रामाणिकपणे तपासत राहिली तरी तिच्या बोटांखाली खरी कॅन्सरची गाठ कदाचित येणारच नाही. जे हाताला कधी लागतच नाही ते ओळखण्याचे कसब एका दिवसाच्या प्रशिक्षणाने येत नाही आणि आले तरी टिकत नाही. मुंबईच्या सेविकांचे तपासणी हेच काम होते आणि त्यांच्या मागे टाटाचे तज्ज्ञ उभे होते. त्या अभ्यासाचे यश उपकेंद्रात हवे असेल तर त्यातले हे भागही यावे लागतील.

५. शहरात उलटी गंगा

खेड्यात सूचनेचा पत्ता नाही, तर शहरात सूचनेच्या पलीकडची तपासणी विकली जाते. महिला दिन आला किंवा स्तनाच्या कॅन्सरच्या जनजागृतीचा ऑक्टोबर उजाडला की ‘संपूर्ण आरोग्य तपासणी’च्या पॅकेजात मॅमोग्राफी दिसू लागते. नोकरदार बायकांना कंपनीच्या वार्षिक तपासणीत ती फुकट मिळते आणि फुकट मिळते म्हणून बत्तिसाव्या वर्षी केली जाते. घराण्यात हा आजार नाही, तक्रार नाही, अशा बत्तिशीतल्या बाईने दरवर्षी मॅमोग्राफी करावी असे पहिल्या भागातली एकही मार्गदर्शक सूचना सांगत नाही. तिला त्यातून मिळते ती बहुधा दाट ऊतींमुळे आलेली शंका, पुन्हा सोनोग्राफी, सहा महिन्यांनी पुन्हा चित्र आणि वर्षभराची झोपमोड. आई, बहीण, मावशी यांना कमी वयात हा आजार झालेल्या स्त्रियांची गोष्ट वेगळी. त्यांनी लवकर आणि वेगळ्या पद्धतीने तपासून घ्यायला हवे आणि ते तज्ज्ञांशी बोलून ठरवायला हवे.

ही उलटी गंगा भारतापुरती नाही. अमेरिकेत पंच्याहत्तरीनंतर आणि इतर गंभीर आजार असतानाही अनेक स्त्रियांची मॅमोग्राफी चालू राहते, तर विमा नसलेल्या स्त्रिया मागे राहतात. ब्रिटनमध्ये हे कमी होते, कारण तिथे डॉक्टरकडे नोंदलेल्या प्रत्येक बाईला वय झाले की पत्र येते. ती आली नाही तर ते नोंदीत दिसते आणि संशय आढळला तर पुढची तारीखही तीच यंत्रणा देते. अशा कार्यक्रमाला संघटित तपासणी म्हणतात. बाई दुसऱ्या कामासाठी आली किंवा तिला परवडले म्हणून तपासणी झाली तर ती प्रासंगिक. प्रासंगिक तपासणीत ज्यांना गरज कमी त्या पुन्हा पुन्हा येतात आणि ज्यांना गरज जास्त त्या यादीतच नसतात. भारताचा आराखडा कागदावर संघटित आहे, व्यवहार मात्र प्रासंगिक. शिबिर लागले तर तपासणी, नाही लागले तर नाही.

६. टप्प्यांचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. एका तालुक्यात हाताला लागेल एवढी कॅन्सरची गाठ असलेल्या १०० स्त्रिया आहेत असे समजू. पुढची सगळी प्रमाणे निव्वळ उदाहरणासाठी घेतली आहेत. त्यातल्या ७० जणी तपासणीला येतात. तपासणीत साठ टक्के गाठी ओळखल्या जातात, म्हणजे ४२. ‘मोठ्या दवाखान्यात जा’ असे सांगितलेल्यांपैकी निम्म्याच जातात: २१. त्यातल्या ऐंशी टक्क्यांचा बायॉप्सीचा रिपोर्ट वेळेत हातात येतो: सुमारे १७. त्यातल्या सत्तर टक्के उपचार पूर्ण करतात: १२. शंभरातल्या बाराच. आता साठ टक्के गाठी पकडणाऱ्या हाताच्या जागी ऐंशी टक्के पकडणारे यंत्र आणले आणि बाकी सगळे तसेच ठेवले, तर शेवटचा आकडा १६ होतो. उलट, यंत्र न आणता फक्त एवढे केले की संशयित स्त्रियांपैकी निम्म्यांऐवजी नव्वद टक्के मोठ्या दवाखान्यात पोहोचतील, तर तोच आकडा २१ होतो. यंत्राने चार जणींची भर पडली. सोबत, एसटीचे भाडे आणि ठरलेली तारीख यांनी नऊ जणींची.

संशयित स्त्री मधल्या मधे का गळते? उपकेंद्राने चिठ्ठी दिली. ग्रामीण रुग्णालयात सर्जन आठवड्यातून ठरावीक वारी येतो. सोनोग्राफी तालुक्याला होते, बायॉप्सी जिल्ह्याला आणि रिपोर्ट दहा-पंधरा दिवसांनी न्यायला पुन्हा यायचे. प्रत्येक खेपेला रोजंदारी बुडते, सोबतीला कुणाचा तरी दिवस मोडतो आणि घरात कुणी तरी म्हणतेच, ‘दुखत तर नाही ना, मग कशाला?’ सुरुवातीची गाठ बहुतेकदा दुखत नाही, ही या आजाराची सर्वांत घातक खोड आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन यांचा समावेश आहे. पण अशा योजनांचे दार बहुधा निदान हातात आल्यावर उघडते. निदानापर्यंतचा प्रवास, म्हणजे नेमका जिथे सर्वाधिक बायका गळतात तो तुकडा, बाईच्या पदरखर्चाने होतो.

याचा शेवट मृत्यूच्या आकड्यात दिसतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १,९२,००० नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८,००० मृत्यू झाले: दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू. अमेरिकेत हे प्रमाण साधारण सहामागे एक आहे. अमेरिकेतल्या आकड्यात तपासणीत सापडलेल्या संथ कॅन्सरांचीही भर आहे, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण एवढी मोठी दरी त्याने भरत नाही. ती उशिरा झालेल्या निदानाची आणि अर्धवट सुटलेल्या उपचारांची आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने अलीकडे तीन उद्दिष्टे ठेवली: किमान ६० टक्के कॅन्सर पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत, पहिल्यांदा डॉक्टरकडे गेल्यापासून ६० दिवसांत निदान व्हावे आणि किमान ८० टक्के रुग्णांचे उपचार पूर्ण व्हावेत. यात किती बायका तपासल्या हा आकडा कुठेही नाही.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा: मॅमोग्राफीच्या फिरत्या गाड्या गावोगाव पाठवल्या तर हा प्रश्न सुटणार नाही का? गाडी चित्र काढते, चित्र वाचायला रेडिऑलॉजिस्ट लागतो, चित्रात शंका आली तर बायॉप्सी लागते आणि तोवर गाडी पुढच्या तालुक्यात गेलेली असते. गळती जिथे आहे तिथे गाडी थांबत नाही. पुढची व्यवस्था भक्कम असलेल्या जिल्ह्यात पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांसाठी मॅमोग्राफी जरूर वाढवावी. पण क्रम उलटा लावला तर नुसते फोटो जमतील.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: पुढची व्यवस्था इतकी कच्ची असेल तर तपासणी बंदच का ठेवू नये? उत्तराचा एक भाग बार्शीत आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी भागात १९८७ मध्ये ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीच्या कर्मचाऱ्यांनी गावोगाव जाऊन लक्षणे समजावली, त्रास असलेल्यांना दवाखान्यात यायला लावले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचे कॅन्सर आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागले, तेही कोणतीही सामूहिक तपासणी न करता. आजार दुसरा असला तरी त्यातून दिसते ते हे: माहिती, ओळखीचा माणूस आणि जवळचा दवाखाना यांनीही आजाराचा टप्पा अलीकडे खेचता येतो. म्हणून तपासणी थांबवण्यापेक्षा ती आकसून करावी. आधी ज्यांना तक्रार आहे त्यांचे निदान, मग चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांची नियमित तपासणी आणि ती जमली की वय खाली आणणे, हा क्रम सध्याच्या ‘तिशीपुढच्या सगळ्या’ या घोषणेपेक्षा प्रामाणिक आहे.

तिसरा आक्षेप स्वतःच्या तपासणीचा: बाईने दर महिन्याला आरशासमोर स्वतःच तपासले तर एवढा खटाटोप कशाला? चीनमध्ये शांघायच्या कापड कारखान्यांतल्या २,६६,०६४ कामगार स्त्रियांवर हा प्रयोग झाला. अर्ध्या स्त्रियांना स्वतःची तपासणी काटेकोर शिकवली, वारंवार उजळणी घेतली. २००२ मध्ये आलेल्या अंतिम निष्कर्षात दोन्ही गटांतले मृत्यू सारखेच होते. शिकवलेल्या गटात साध्या गाठींच्या बायॉप्सी मात्र जास्त झाल्या. त्यामुळे दर महिन्याचे व्रत म्हणून हे करण्यात अर्थ नाही. आपले शरीर एरवी कसे असते हे माहीत असणे आणि वेगळे काही जाणवले तर पुढची पाळी येईपर्यंत थांबून तरीही ते राहिले तर लगेच दाखवणे, एवढे पुरेसे आहे. पाळी बंद झालेल्या बाईने तर थांबायचेही कारण नाही.

८. मोजायचे काय

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येते. तक्रार असेल तर वय काहीही असो, तपासणी कार्यक्रमाची वाट पाहू नये, सर्जनकडे जावे. तक्रार नसेल, घराण्यात आजार नसेल, तर चाळिशीनंतर जाणकार हातांकडून वर्षा-दोन वर्षांनी तपासून घ्यावे. पन्नाशीनंतर जवळ चांगली मॅमोग्राफी आणि तिच्या मागे बायॉप्सीची सोय असेल तर फायदे-तोटे समजून घेऊन दोन वर्षांनी ती करावी. तिशीतल्या पॅकेजाला नम्रपणे नाही म्हणावे. तपासणीत काही सापडले तर त्याच दिवशी पुढची तारीख आणि पुढच्या दवाखान्याचे नाव लिहून घ्यावे.

व्यवस्थेसाठी उत्तर याहून छोटे आहे. आज जिल्ह्याच्या आढावा बैठकीत विचारले जाते की या महिन्यात किती स्त्रियांची तपासणी झाली. जे विचारले जाते तेच भरले जाते, म्हणून रकाने भरतात. त्याऐवजी दोनच प्रश्न विचारले जावेत: मागच्या तिमाहीत ज्यांच्यात संशय आढळला त्यांपैकी कितीजणींचे निदान साठ दिवसांत झाले आणि ज्यांना कॅन्सर निघाला त्यांपैकी कितीजणींचे उपचार पूर्ण झाले? या दोन आकड्यांसाठी नवे यंत्र लागत नाही. नाव, गाव, फोन नंबर असलेली एक यादी लागते आणि ती दर आठवड्याला उघडणारे एक जबाबदार माणूस. हे दोन आकडे सुधारले की सूचनेत वय तीस असावे की चाळीस, हात असावा की यंत्र, या वादांना अर्थ येईल. तोवर ते वाद कोरे आहेत, कारण कोणत्याही तपासणीने सापडलेली बाई आज एकाच ठिकाणी हरवते: तिच्या हातातली चिठ्ठी आणि जिल्ह्याचा दवाखाना यांच्यामध्ये.